आधी चावी बंद, मग पान्हा हातात

(भिलाईतील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान वक्ते येतात. संतवाङ्मय, शिवचरित्र, नाट्यसंगीत अशा विषयांवर बोलतात. यंदा कार्यकारिणीने देखभाल विभागातून निवृत्त झालेल्या माणसाला उभं केलं आणि सांगितलं, "घरातल्या छोट्या दुरुस्त्या आणि त्यांना लागणारी हत्यारं यांवर बोला. ज्यांनी कधी पक्कड हातात धरली नाही, त्यांनाही समजलं पाहिजे." विषय साधा आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. का, ते आधी सांगतो.

आपल्यापैकी निम्म्याहून अधिक मंडळींचा या पोलाद कारखान्याशी संबंध आहे. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे नागपूर, अमरावती, भंडाऱ्याकडून कितीतरी कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. कारखान्यात आपण एक नियम अंगात भिनवून घेतला. कोणत्याही यंत्राला हात लावायचा असेल तर आधी शटडाउन. वीज तोडायची, व्हॉल्व्ह बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, 'काम चालू आहे' अशी पाटी लावायची, परमिटवर सही घ्यायची आणि मगच पान्हा हातात. चीफ इंजिनीअर असो की खलाशी, नियम सर्वांना सारखा.

पण तोच माणूस घरी आला की काय करतो? ओल्या पायांनी गीझरचा प्लग ओढतो. डुगडुगत्या स्टुलावर चढून चालू पंख्याच्या बाजूला दिवा बदलतो. नळ फिरवताना जोर लावतो आणि नळ हातात आल्यावर "मेन चावी कुठंय गं?" म्हणून ओरडतो. म्हणून आजच्या भाषणाचं सार पहिल्याच पाच मिनिटांत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना आरतीच्या तयारीला जायचंय ते जाऊ शकतील: दुरुस्तीची सुरुवात हत्यारापासून होत नाही, बंद करायच्या जागेपासून होते.

तीन जागा, घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात

पहिली जागा पाण्याची. टाकीतून घरात येणाऱ्या पाइपवरचा मुख्य कॉक, आणि बेसिन, सिंक, फ्लश टँक यांच्या खाली असलेले छोटे अँगल कॉक. हे कॉक वर्षानुवर्षं हलवले नाहीत तर क्षार साचून जाम होतात आणि नेमके वेळेला फिरत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी ते एकदा बंद करून पुन्हा उघडावेत. एवढीच त्यांची देखभाल.

दुसरी जागा विजेची. मेन स्विच आणि त्याच्या शेजारच्या एमसीबी. कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, हे कागदाच्या चिठ्ठीवर मराठीत लिहून आत चिकटवा. एका रविवारी सकाळी अर्ध्या तासात हे काम होतं. मुलांना बरोबर घ्या, त्यांना खेळ वाटतो. एकाने एमसीबी पाडायची, दुसऱ्याने कुठला दिवा गेला ते ओरडून सांगायचं.

तिसरी जागा गॅसची. रेग्युलेटर रात्री बंद करण्याची सवय असू द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, आणि विजेचं कोणतंही बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. गळती शोधायची तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून तपासणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांच्या नशिबाला नमस्कार. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर छापलेलं साल आज घरी गेल्यावर बघा.

मंडळी, हे सगळं 'प्रत्येकाला' का म्हणतो? आमच्या सेक्टरमधली गोष्ट सांगतो. एका घरातले गृहस्थ नाइट शिफ्टला होते. रात्री एकच्या सुमारास बेसिनखालची कनेक्शनची नळी फुटली. घरात वहिनी आणि त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या सासूबाई. मेन कॉक कुठे आहे ते दोघींनाही माहीत नव्हतं, कारण 'ते सगळं हे बघतात'. शेजारी उठून कॉक सापडेपर्यंत पाणी हॉलमध्ये आलं होतं, आणि जमिनीवर ठेवलेला एक्स्टेंशन बोर्ड चालूच होता. सुदैवाने एकाने आधी मेन स्विच पाडला. चार पावलांवर असलेल्या कॉकची माहिती नसल्यामुळे त्या रात्री दोन जीव धोक्यात आले होते.

आज आपली परिस्थिती पाहा. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कुणाची परदेशात. घरात दोघंच, आणि पुढे कधीतरी एकटंच राहायचं आहे. स्पष्ट बोलतोय, पण सत्य आहे. घरात एकालाच माहिती असणं म्हणजे कुणालाच माहिती नसणं. तेव्हा निदान दोघांना ठाऊक हवं.

पेटीत काय असावं?

आता हत्यारं. टीव्हीवर साठ-सत्तर नगांचे संच दाखवतात, ते नवशिक्याने घेऊ नयेत. थोडी घ्या, पण चांगल्या पोलादाची घ्या. आपण पोलादगावचे लोक, हे मी सांगायला नको. हलक्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक झिजतं, मग स्क्रूचा माथा झिजतो आणि पाच मिनिटांचं काम पाच तासांचं होतं.

माझी यादी अशी: मोजपट्टी, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा आणि एक चौफुलीचा, आठ इंची इन्सुलेटेड पक्कड, दहा इंची स्क्रू पान्हा, म्हणजे तोंड लहानमोठं होणारा, अर्ध्या किलोच्या आसपासची हातोडी, टेस्टर, चांगली बॅटरी, आणि डोळ्यांवर लावायचा सुरक्षा चष्मा. जोडीला टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, एम-सील, फेविकॉल, थोडे स्क्रू-खिळे आणि चार-सहा वायसर. घरातल्या शंभरातल्या बऱ्याचशा किरकोळ तक्रारी एवढ्यावर मिटतात. ड्रिल मशीन पहिल्या वर्षी घेऊ नका. शेजाऱ्याकडून मागून आणा. त्या निमित्ताने जाणं-येणंही राहतं.

दुकानात जाताना भाषेची एक गंमत लक्षात ठेवा. आपली पक्कड इथे 'प्लास' होते, स्क्रू ड्रायव्हर 'पेचकस', करवत 'आरी' आणि ओळंबा 'साहुल'. सर्वांत घोटाळा कानशीचा. कानशीला हिंदीत 'रेती' म्हणतात. नव्याने आलेल्या आपल्या माणसाला दुकानदाराने "रेती दूँ?" विचारलं, तर तो म्हणेल, वाळू कशाला?

आणि एक नियम: आटे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतात, उलट दिशेने सैल होतात. अपवाद मोजके. सायकलचं डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं आणि टेबल फॅनच्या पात्यावरची टोपीही बहुधा तशीच असते. फिरत नसेल तर जोर वाढवण्याआधी दिशा तपासा.

पहिलं काम: गळका नळ

नवशिक्याने इथून सुरुवात करावी. गळक्या नळाखाली एक लिटरचं भांडं ठेवा आणि घड्याळ बघा. तासाभरात ते भरलं तर दिवसाला चोवीस लिटर, वर्षाला ८,७६० लिटर पाणी गेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांतून आलेले लोक आपण, आपल्याला या आकड्याचा अर्थ कळतो.

अँगल कॉक किंवा मेन कॉक बंद करा. नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, नाहीतर स्क्रू पाताळात जातो. नळाच्या चकचकीत भागावर कापड गुंडाळून वरचा नट पान्ह्याने सैल करा आणि त्या वेळी दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरा, म्हणजे भिंतीतल्या पाइपवर पीळ बसणार नाही. स्पिंडल बाहेर आलं की खाली रबरी वायसर दिसेल. तो झिजून त्यावर वळ उठलेला असतो. जुना वायसर दुकानात नमुना म्हणून न्या. नवा बसवण्याआधी आतल्या बैठकीवरून बोट फिरवा. ती खडबडीत झाली असेल तर नवा वायसरही फार टिकणार नाही, मग नळच बदलावा. जोडताना हाताने घट्ट करा, मग पान्ह्याने पाव फेरा. जास्त नको. पाणी हळूहळू सोडा.

पाणी तोंडातून न गळता दांड्याजवळून झिरपत असेल तर दोष वायसरचा नाही, दांड्याभोवतीचा नट किंचित आवळून पाहा. अर्ध्या-पाव फेऱ्यात उघडणारे नवे नळ असतात, त्यांत वायसर नसतो, सिरॅमिक चकत्यांचं काडतूस असतं. ते पूर्णच बदलावं लागतं आणि त्याचे दाते जुळावे लागतात, म्हणून जुनं बरोबर न्यायचंच.

पाइपच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावताना आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने आठ-दहा वेढे ताणून द्यावेत. उलटे दिले तर जोडताना टेप सुटून गोळा होते.

दुसरं काम: कुरकुरणारं दार

पावसाळ्यात दार अडकायला लागलं की लोक लगेच रंधा मारून घेतात. थोडं थांबा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं. ऑगस्टमध्ये रंधलेल्या दाराला जानेवारीत बोटभर फट दिसते. आधी बिजागरीचे स्क्रू तपासा. बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार खाली लोंबलेलं असतं. भोक मोठं झाल्यामुळे स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या दोन-तीन आगकाड्या, अर्थात गूल काढून, ठोका, वाळू द्या आणि तोच स्क्रू पुन्हा बसवा. पकड येते. तरीही अडकत असेल तर दाराच्या कडेला खडू फासा आणि दार लावा. चौकटीवर खडू उमटेल तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासा.

कुलपात खोबरेल तेल घालण्याची आपली जुनी सवय आहे. ते तेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं, शिवाय धूळ धरतं. इथल्या डिसेंबरात कुलूप का अडतं ते कळलं ना? त्यापेक्षा पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड किल्लीला लावा.

तिसरं काम: भिंतीवर तसबीर

विटांच्या भिंतीवर साधारण बारा ते पंधरा मिलिमीटर प्लास्टर असतं. नुसत्या प्लास्टरमध्ये ठोकलेला खिळा चार दिवसांनी पोपड्यासकट खाली येतो. वजनदार तसबिरीला भोक विटेपर्यंत गेलं पाहिजे आणि त्यात प्लॅस्टिकची गिट्टी हवी. हिला जुने कारागीर 'रावल प्लग' म्हणतात. १९११ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी असा प्लग काढला आणि त्यांचं आडनाव आपल्याकडे 'रावल' होऊन बसलं. युक्ती साधी आहे. स्क्रू आत जातो तसा प्लग फुगतो आणि भिंतीला चिकटून बसतो. सहा मिलिमीटरच्या प्लगला सहाचाच बिट वापरा. मोठा वापरलात तर प्लग नुसता फिरेल. बिटवर हव्या त्या खोलीला टेपची खूण करा. खाली भिंतीला एक पाकीट तोंड उघडं ठेवून चिकटवा, धूळ त्यात पडते. वहिनींचा विरोध निम्म्याने कमी होतो.

पण भोक पाडण्याआधी वर-खाली बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत वायर असू शकते. नळाच्या वर-खाली पाइप असू शकतो. त्या रेषा सोडून द्या. चष्मा लावल्याशिवाय ड्रिल सुरू करू नका.

चौथं काम: वास आणि तुंबलेलं बेसिन

सुट्टीत महिनाभर गावी जाऊन आलो की घरात गटाराचा वास येतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव. मोरीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यात थोडं पाणी कायम साठलेलं असतं. तेच पाणी गटारातला वास आणि झुरळं अडवतं. महिनाभरात ते वाळून जातं. प्रत्येक जाळीत एक-दोन तांबे पाणी ओता, वास थांबतो. फिनेल नंतर. बेसिन तुंबलं तर ॲसिड ओतण्याआधी खाली बादली ठेवा, बॉटल ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढा आणि धुऊन परत बसवा. केस आणि साबणाचा गाळ, दुसरं काही नसतं.

आणि गावी निघताना तीनही जागा आठवा: मेन कॉक बंद, रेग्युलेटर बंद, फ्रिज सोडून बाकीच्या एमसीबी बंद.

विजेपुढे मात्र हात जोडावेत

आपल्या घरातला पुरवठा २३० व्होल्टचा असतो. एमसीबी असली की झटका बसत नाही, हा मोठा गैरसमज आहे. एमसीबी वायरिंगला वाचवते, म्हणजे जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं तर ती पडते. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागते. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. त्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे प्रवाह कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला आहे असं समजून ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर 'टेस्ट' असं बटण असतं. ते अधूनमधून दाबून पाहा, ती पडली पाहिजे. ज्यांनी स्वतःचं घर बांधलंय किंवा फ्लॅट घेतलाय आणि आरसीसीबी नाही, त्यांनी दिवाळीच्या रंगाआधी ती बसवून घ्यावी. माझी ही कळकळीची विनंती आहे.

प्लगची वरची पिन लांब आणि जाड का असते? ती अर्थिंगची. आत जाताना ती आधी जोडली जावी आणि निघताना शेवटी सुटावी म्हणून. ती कापून किंवा काडी खुपसून दोन पिनांवर काम भागवणारे लोक आपला पहारेकरी स्वतःच घालवतात. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं हाही तोच प्रकार. आणि हिशेब करा: २,००० वॉटचा गीझर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा नाही, १६ चा हवा.

मग आपण स्वतः काय करावं? त्या खोलीची एमसीबी पाडून दिवा बदलावा, कारण बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असलं तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज असते. प्लग टॉप बदलावा. टेस्टर वापरताना तो आधी चालू सॉकेटवर पेटतो का ते पाहावं. पेटला नाही म्हणजे वीज नाहीच, असं धरून चालू नये. याच्या पुढे, म्हणजे भिंतीतली वायर, गीझर, मेन बोर्ड आणि अर्थिंग यांसाठी लायसन्सधारक वायरमन बोलवा. कंपनीच्या क्वार्टरमध्ये तर वायरिंगला हातच लावू नका, तक्रार नोंदवा. आणि कुणाला शॉक लागलेला दिसला तर त्याला धरायला धावू नका, मेन स्विचकडे धावा. म्हणूनच ती जागा ठाऊक हवी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कारागिराला बोलावणं यात कमीपणा नाही. आपण थोडं शिकलो की त्याच्या कामाची किंमतही कळते आणि तो काय करतोय तेही समजतं. त्याला चहा द्या, शेजारी उभे राहा, विचारा. मी कितीतरी गोष्टी अशाच शिकलो.

येत्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्याआधी १७ सप्टेंबरला कारखान्यात विश्वकर्मा पूजा होते. यंदा पूजेत ही छोटी पेटी ठेवा. पण पूजेआधी हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून घ्या. ती वर्षभर वापरलेली असतील तर ती खरी पूजा.

बाप्पाला आपण विघ्नहर्ता म्हणतो. काही विघ्नं त्याच्यावर सोपवावीत. गळका नळ आणि सैल बिजागरी आपली आपण निस्तरावीत. आज आरती झाल्यावर घरी गेलात की जेवायला बसण्याआधी घरातल्या सगळ्यांना बरोबर घ्या आणि तीन जागा दाखवा: पाण्याची, विजेची, गॅसची. सासूबाईंना दाखवा, आठवीतल्या नातवालाही दाखवा. कॉक प्रत्येकाला एकदा स्वतःच्या हाताने फिरवू द्या. त्याला पेटी लागत नाही, पैसा लागत नाही, दहा मिनिटं लागतात. हे आज वीस घरांत जरी झालं, तरी माझं बोलणं कारणी लागलं असं मी समजेन.

 कुणाला काही विचारायचं असेल तर प्रसादाच्या वेळी मी मांडवातच आहे.

गणपती बाप्पा मोरया!